गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (जन्म : कोतळूक, जि. रत्नागिरी, ९ मे १८६६, मृत्यू : पुणे, १९ फेब्रुवारी १९१५) हे शिक्षक, अर्थकारणाचे अभ्यासक, संसदपटू आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसमधील नेमस्त पक्षाचे अग्रणी नेते होते. १९०५ साली बनारस येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानत. वरिष्ठ कायदेमंडळात दरवर्षी अंदाजपत्रकावर त्यांनी केलेली भाषणे भारतीय सार्वजनिक अर्थव्यवहाराच्या इतिहासात विशेष महत्त्वाची मानली जातात. कराचा भार कोणावर पडतो आणि त्यातून जमलेला पैसा कोणासाठी खर्च होतो, हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र मांडले. मिठावरील कर कमी व्हावा आणि प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळावे या त्यांच्या दोन मागण्या या एकाच विचारातून आल्या होत्या.

बालपण आणि शिक्षण

गोखले यांचा जन्म गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी आजोळी झाला. घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील ताम्हणमळ्याचे. वडील कृष्णराव कोल्हापूर संस्थानातील कागल येथे प्रथम कारकून आणि पुढे फौजदार होते. १८७९ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून महिना १५ रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवू लागले. या आठ रुपयांत राहणे, जेवण आणि पुस्तके भागवावी लागत. दिव्याच्या तेलाचा खर्च वाचवण्यासाठी गोपाळराव रस्त्यावरील दिव्याखाली अभ्यास करीत, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते.

मॅट्रिक झाल्यावर कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज येथे शिकून १८८४ साली ते बी. ए. झाले. त्यांनी काही काळ कायद्याचा अभ्यास केला, परंतु पुढे तो सोडून दिला. सरकारी नोकरी किंवा वकिली करून घरची स्थिती सुधारणे त्यांना शक्य होते, पण त्यांनी शिक्षकाचा पेशा निवडला.

अध्यापन आणि रानडे यांचा सहवास

१८८५ मध्ये गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. पुढच्याच वर्षी ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद बनले. वीस वर्षे संस्थेची सेवा करायची आणि महिना ७५ रुपयांवर संतुष्ट राहायचे, अशी या सभासदत्वाची बांधिलकी होती. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकवले. अंकगणितावरील त्यांचे शालेय पुस्तक पुष्कळ वर्षे चालले. आकड्यांची ही सवय त्यांना कायदेमंडळात फार उपयोगी पडली.

याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा निकट संबंध आला. रानडे यांनी त्यांना सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके आणि पार्लमेंटची कागदपत्रे बारकाईने वाचायला लावली. एखादे निवेदन पुन्हा पुन्हा लिहून घ्यावे, त्यातील प्रत्येक आकड्याचा आधार विचारावा, अशी रानडे यांची पद्धत होती. १८८७ पासून गोखले पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करू लागले. गोपाळ गणेश आगरकर यांच्या 'सुधारक' पत्राच्या इंग्रजी विभागाचे कामही त्यांनी काही काळ पाहिले. सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या हाती गेल्यावर १८९६ मध्ये रानडे यांनी डेक्कन सभा स्थापन केली आणि गोखले तिचे कार्य करू लागले.

वेल्बी आयोगापुढील साक्ष

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमण्यात आला होता. दादाभाई नौरोजी या आयोगाचे सदस्य होते. १८९७ मध्ये दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रह्मण्य अय्यर आणि गोखले हे आयोगापुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले. तेव्हा गोखले यांचे वय तीस वर्षांचे होते.

आपल्या साक्षीत त्यांनी लष्करावरील वाढता खर्च, इंग्लंडमध्ये पाठवावा लागणारा पैसा आणि युरोपीय अधिकाऱ्यांचे मोठे पगार यांची छाननी केली. ज्या रयतेकडून महसूल येतो तिच्या शिक्षणावर आणि आरोग्यावर त्या मानाने अत्यल्प खर्च होतो, हे त्यांनी सरकारी आकड्यांच्याच आधारे दाखवले. उलटतपासणीत त्यांची मांडणी टिकली आणि त्यांचा लौकिक झाला.

याच दौऱ्यात त्यांच्या आयुष्यातील एक कटू प्रसंग घडला. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी इंग्लंडमधील वृत्तपत्रात सांगितले. परत आल्यावर त्याचा पुरावा देणे त्यांना शक्य झाले नाही आणि त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीमुळे महाराष्ट्रात त्यांच्यावर कठोर टीका झाली. खात्री न केलेले विधान जाहीरपणे करायचे नाही, हा निर्बंध त्यांनी पुढे कसोशीने पाळला.

मुंबई कायदेमंडळ आणि शेतसाऱ्याचा प्रश्न

१८९९ मध्ये गोखले मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर निवडून आले. हा काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी दख्खनचा शेतकरी खचला होता. सारा भरणे अशक्य झालेल्या शेतकऱ्यांना सूट मिळण्यात सरकारी यंत्रणा फार हात आखडता घेते, अशी तक्रार त्यांनी मांडली.

१९०१ मध्ये सरकारने मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती सुचवली. थकबाकीमुळे सरकारजमा झालेली जमीन पुढे मर्यादित मुदतीने आणि हस्तांतराचा हक्क न ठेवता द्यावी, असा तिचा आशय होता. जमीन सावकाराच्या हाती जाऊ नये हा हेतू सरकारने सांगितला. गोखले यांच्या मते शेतकऱ्याच्या कर्जाचे मूळ साऱ्याच्या ताठर वसुलीत होते. तो दोष तसाच ठेवून जमिनीवरील हक्क काढून घेणे त्यांना अन्यायाचे वाटले. सरकारने विधेयक पुढे रेटले, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांचे काही सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. त्या काळी असा सभात्याग ही असाधारण घटना होती.

१९०२ चे अंदाजपत्रकावरील भाषण

फिरोजशहा मेहता निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी गोखले वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून गेले. १९०२ साली ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्यांनी पूर्ण वेळ सार्वजनिक कार्याला वाहून घेतला. त्या वेळच्या कायद्यानुसार बिनसरकारी सभासदांना अंदाजपत्रकावर केवळ भाषण करता येई. दुरुस्ती सुचवण्याचा किंवा मतदान मागण्याचा हक्क त्यांना नव्हता.

२६ मार्च १९०२ रोजी गोखले यांनी पहिले अंदाजपत्रकी भाषण केले. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय आणि सर एडवर्ड लॉ अर्थसदस्य होते. सरकारी तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपयांची शिल्लक पडली होती आणि इतर सभासद त्याबद्दल अर्थसदस्यांचे अभिनंदन करीत होते. गोखले यांनी अभिनंदन करण्यास नकार दिला. देश दुष्काळ आणि प्लेगने गांजलेला असताना तिजोरी भरून वाहते, याचा अर्थ लोकांच्या स्थितीचा आणि सरकारच्या जमाखर्चाचा मेळ उरलेला नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

ही शिल्लक कशी निर्माण झाली, हे त्यांनी उलगडून दाखवले. १८८५ नंतर रुपयाची हुंडणावळ घसरत गेली. इंग्लंडमध्ये पौंडांत द्यावयाच्या रकमांसाठी अधिकाधिक रुपये लागू लागले आणि ती तूट भरून काढण्यासाठी सरकारने जुने कर वाढवले व काही नवे बसवले. १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद करण्यात आल्या आणि काही वर्षांत रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सवर स्थिर झाला. त्यामुळे इंग्लंडला पाठवायच्या रकमेसाठी लागणारे रुपये कमी झाले. करवाढीचे कारण संपले, पण वाढवलेले कर तसेच राहिले. वर्षानुवर्षे पडणारी शिल्लक म्हणजे लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेला पैसा होय, हा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतर त्यांनी ठोस मागण्या केल्या. मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा वाढवावी, देशी गिरण्यांच्या कापडावरील अबकारी कर रद्द करावा आणि दुष्काळी भागांतील साऱ्याचा भार हलका करावा, अशा या मागण्या होत्या. या भाषणाने ते देशभर परिचित झाले. पुढे दरवर्षी मार्च महिन्यात त्यांच्या भाषणाची वृत्तपत्रांत आतुरतेने वाट पाहिली जाऊ लागली.

मिठावरील कर

१८८८ मध्ये मिठावरील कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. हा मण सुमारे ८२ पौंडांचा. मिठाच्या उत्पादनखर्चाच्या तुलनेत कर कितीतरी पटींनी अधिक होता. परवान्याशिवाय मीठ काढणे हा गुन्हा असल्याने कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसालाही हा कर चुकवता येत नसे.

हा कर गरिबांवर अधिक का पडतो, हे साध्या हिशेबाने कळते. माणशी वर्षाला दहा-बारा पौंड मीठ धरले, तर अडीच रुपयांच्या दराने पाच जणांच्या कुटुंबावर वर्षाला दीड ते पावणेदोन रुपयांचा कर बसे. मोठ्या व्यापाऱ्याच्या घरातील पाच माणसेही साधारण तेवढेच मीठ खात, म्हणून त्या घराचा करही तेवढाच. व्यापाऱ्याच्या मिळकतीत ही रक्कम नगण्य होती. महिना चार-पाच रुपयांवर राबणाऱ्या शेतमजुराला मात्र त्यासाठी वर्षातून दहा-बारा दिवसांची मजुरी द्यावी लागे. शिवाय मीठ ही जनावरांचीही गरज होती. कर वाढल्यावर मिठाचा खप लोकसंख्येच्या प्रमाणात वाढला नाही, याकडे गोखले यांनी लक्ष वेधले. गरीब माणसे मिठासारख्या वस्तूतही काटकसर करीत आहेत, असा अर्थ त्यांनी त्यातून काढला.

१९०३ मध्ये सरकारने हा कर अडीच रुपयांवरून २ रुपयांवर आणला. १९०५ मध्ये तो दीड रुपया आणि १९०७ मध्ये १ रुपया झाला. या शेवटच्या दराने वरील कुटुंबाचा कर वर्षाला दहा-बारा आण्यांवर आला. दर उतरल्यानंतर खप वाढला आणि कमी झालेल्या उत्पन्नाचा काही भाग वाढत्या खपातून भरून निघाला. ही कपात केवळ एका भाषणामुळे झाली असे म्हणता येत नाही. काँग्रेस अनेक वर्षे ही मागणी करीत होती आणि सरकारच्या हाती शिल्लकही होती. तथापि त्या शिल्लकेवर प्रथम हक्क कोणाचा, हे कायदेमंडळात सातत्याने आणि आकड्यांसह मांडण्याचे श्रेय गोखले यांना दिले जाते.

प्राप्तिकर आणि कापडावरील अबकारी कर

१८८६ च्या प्राप्तिकर कायद्याने वार्षिक ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाला सूट होती. शेतीचे उत्पन्न या करातून वगळलेले होते. ५०० ते २,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना रुपयाला ४ पै आणि त्यावर ५ पै असा दर होता. महिना ४५ रुपये मिळवणाऱ्या कारकुनाला वर्षाला सव्वाअकरा रुपये कर भरावा लागे. मोठ्या आणि छोट्या मिळकतीच्या दरांत केवळ एका पैचा फरक होता, त्यामुळे या कराची झळ मुख्यतः तुटपुंज्या पगारावर जगणाऱ्या कारकून, शिक्षक आणि लहान दुकानदार यांना लागे.

१९०३ मध्ये सुटीची मर्यादा १,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. फर्ग्युसनच्या आजीव सभासदाचे ७५ रुपयांप्रमाणे वर्षाचे ९०० रुपये वेतन पूर्वी करपात्र होते. नव्या मर्यादेनंतर ते करमुक्त झाले.

अबकारी कराबाबत त्यांना यश आले नाही. १८९६ पासून हिंदुस्थानातील गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के कर होता. लँकेशायरच्या गिरणीमालकांचे समाधान व्हावे म्हणून तो बसवण्यात आला होता. देशी गिरण्यांचे कापड बहुतांशी जाडेभरडे असून ते गरीब लोक वापरत. लँकेशायरहून येणाऱ्या तलम कापडाशी त्याची फारशी स्पर्धा नव्हती. म्हणून या करातून परदेशी उद्योगाचा लाभ आणि गरीब गिऱ्हाइकाचे नुकसान होते, असा आक्षेप गोखले घेत राहिले. हा कर त्यांच्या मृत्यूनंतर दहाहून अधिक वर्षांनी, १९२६ मध्ये, रद्द झाला.

शिल्लक कोणासाठी

करकपात हे गोखले यांच्या अर्थविचाराचे एकच अंग होते. अनेक वर्षे सरकार शिल्लक रक्कम रेल्वे बांधण्यासाठी वापरत असे. रेल्वेसारखी उत्पादक कामे कर्ज काढून करावीत आणि महसुलातून उरलेला पैसा प्राथमिक शिक्षण, पिण्याचे पाणी, गटारे व आरोग्य आणि शेतकऱ्यांची कर्जमुक्ती यांवर खर्च करावा, असे ते सांगत. ज्याचा पैसा त्याच्याकडे सेवेच्या रूपाने परत जावा, ही त्यामागील भूमिका होती.

नगरपालिका आणि लोकल बोर्ड यांच्याकडे शाळा, रस्ते आणि दवाखाने सोपवले होते, पण उत्पन्नाची साधने फार थोडी दिली होती. विकेंद्रीकरण आयोगापुढील साक्षीत गोखले यांनी ग्रामपंचायती स्थापन कराव्यात आणि स्थानिक संस्थांना अधिक अधिकार व पैसा द्यावा, अशी मागणी केली. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर कायदेमंडळात ठराव मांडण्याचा हक्क मिळाला. १९११ च्या जानेवारीत त्यांनी वाढत्या सरकारी खर्चाची चौकशी करण्याचा ठराव मांडला.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक

सर्वांना प्राथमिक शिक्षण मिळावे ही मागणी महाराष्ट्रात जुनी होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे म्हटले होते. सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना मिळतो, ही तक्रार त्यांनी त्यात केली होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोखले यांनी बडोद्याच्या अनुभवाचा वारंवार आधार घेतला.

मार्च १९१० मध्ये त्यांनी या विषयावर ठराव मांडला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. समाधानकारक कृती न झाल्याने १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षण विधेयक सादर केले. त्याची रचना मुद्दाम सौम्य ठेवली होती. ज्या भागात मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले आहे, तेथेच नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला सरकारच्या संमतीने सक्ती लागू करता येणार होती. ही सक्ती ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांसाठी होती आणि पुढे ती मुलींनाही लागू करता आली असती. महिना १० रुपयांपेक्षा अधिक मिळकत नसलेल्या पालकांकडून फी घ्यायची नव्हती. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा, तसेच स्थानिक संस्थेला आपल्या वाट्यासाठी शिक्षणपट्टी बसवता यावी, अशी योजना होती.

पैसा कोठून येणार, हा विरोधकांचा मुख्य प्रश्न होता. गोखले यांनी तो टाळला नाही. लष्करी व अन्य खर्चात काटकसर आणि आयात जकातीत वाढ हे मार्ग त्यांनी सुचवले. याही पलीकडे जाऊन, दुसरा उपायच उरला नाही तर मिठावरील कर मणाला आठ आण्यांनी वाढवण्यासही आपली तयारी आहे, असे त्यांनी सांगितले. ज्या कराची कपात व्हावी म्हणून त्यांनी अनेक वर्षे आग्रह धरला होता, तोच हा कर होता. लोकांनी थोडे कमी मीठ खाणे हे त्यांच्या मुलांनी अज्ञानात वाढण्यापेक्षा लहान संकट आहे, अशी तुलना त्यांनी केली. या विधानात त्यांच्या भूमिकेतील खरी अडचण दिसते. गरिबांच्या शाळांसाठी गरिबांच्याच अन्नावर कर घ्यावा का, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. म्हणूनच त्यांनी हा मार्ग सर्वांत शेवटी ठेवला होता.

विधेयकाला काँग्रेसने पाठिंबा दिला. प्रांतिक सरकारांचे अभिप्राय मात्र बहुतांशी प्रतिकूल आले. सक्तीसाठी देश तयार नाही, नवी पट्टी लोकांना आवडणार नाही, शिक्षकांची तरतूद नाही, असे आक्षेप होते. काही जमीनदार सभासदांनीही विरोध केला. शिकलेला मजूर शेतावर राबणार नाही, अशी भीतीही काही वर्तुळांत होती. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा झाली आणि विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळला गेला. कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत असल्याने हा निकाल गोखले यांना अनपेक्षित नव्हता. प्रश्न कायमचा सार्वजनिक चर्चेत आला, हेच त्यांनी या प्रयत्नाचे फलित मानले.

नाताळमधील तीन पौंडांचा कर

कर आणि कष्टकरी कुटुंबे यांचा संबंध गोखले यांनी देशाबाहेरही हाताळला. दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये ऊसमळे व खाणी यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले जात. गिरमिट संपल्यावर त्यांनी तेथेच राहू नये, म्हणून १८९५ च्या कायद्याने तेथे राहणाऱ्या प्रत्येक माजी गिरमिटियावर वर्षाला ३ पौंडांचा कर बसवण्यात आला. पुढे तो १६ वर्षांवरील मुलगे आणि १३ वर्षांवरील मुली यांनाही लागू झाला. नवरा, बायको आणि दोन मोठी मुले असलेल्या कुटुंबाला वर्षाला १२ पौंड भरावे लागत. गिरमिटियाची मजुरी महिना अर्ध्या पौंडाच्या आसपास सुरू होत असे. त्यामुळे कर चुकवण्यासाठी पुन्हा गिरमिट पत्करण्यावाचून पुष्कळांना मार्ग उरत नसे.

फेब्रुवारी १९१० मध्ये गोखले यांनी नाताळसाठी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि सरकारने तो मान्य केला. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. या दौऱ्यात गांधीजी त्यांच्याबरोबर होते. जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांच्या भेटीनंतर हा कर रद्द होईल, अशी त्यांची समजूत झाली. पुढे तेथील सरकारने असे वचन दिल्याचे नाकारले. १९१३ मध्ये हा कर सत्याग्रहाचा एक मुख्य विषय झाला आणि कोळसाखाणींतील व मळ्यांतील हजारो मजुरांनी संप केला. मधुमेहाने आजारी असतानाही गोखले यांनी हिंदुस्थानात फिरून सत्याग्रहासाठी निधी जमवला आणि सी. एफ. अँड्र्यूज यांना आफ्रिकेस पाठवले. १९१४ च्या कायद्याने हा कर रद्द झाला.

अखेरची वर्षे

१९१२ पासून गोखले सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे सदस्य होते. १९१४ मध्ये देऊ केलेला 'सर' हा किताब त्यांनी नाकारला. सततचा प्रवास आणि मधुमेह यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. मृत्यूपूर्वी काही दिवस त्यांनी भावी राज्यसुधारणांचा आराखडा लिहून पूर्ण केला आणि तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे दोन मुली होत्या.

टीका आणि मूल्यमापन

लोकमान्य टिळक आणि जहाल पक्षाचा गोखले यांच्या मार्गावर मुख्य आक्षेप असा होता, की मतदानाचा हक्कच नसलेल्या कायदेमंडळात युक्तिवाद करून सत्ताधाऱ्यांचे मन वळणार नाही. लष्करी खर्च गोखले यांच्या भाषणांनी कमी झाला नाही आणि शिक्षण विधेयक फेटाळले गेले, या गोष्टी या आक्षेपाला बळ देतात. मिठावरील करही १९१६ मध्ये पुन्हा वाढवण्यात आला आणि १९२३ मध्ये कायदेमंडळाचा विरोध डावलून तो अडीच रुपये करण्यात आला. सरकारच्या मर्जीने मिळालेली कपात सरकारच्याच मर्जीने गेली. त्यांच्या विधेयकात मुलींना प्रथमपासून स्थान नव्हते, ही मर्यादाही अभ्यासक दाखवतात.

दुसरीकडे, सरकारी जमाखर्च हा सामान्य माणसाच्या जगण्याचा प्रश्न आहे, ही जाणीव त्यांनी रुजवली. अंदाजपत्रक वाचण्याची, त्यातील प्रत्येक कर आणि खर्च तपासण्याची परंपरा भारतीय लोकप्रतिनिधींत त्यांच्यापासून दृढ झाली.

वारसा

भारत सेवक समाजाचे सभासद ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून गिरणगावातील कामगार वस्त्यांत कार्य केले. पुढे ते कामगार चळवळीचे अग्रणी झाले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. त्याची कल्पना गोखले यांच्या विधेयकाशी मिळतीजुळती होती. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याच्या वेळी शिक्षणमंत्री असलेले रँग्लर र. पु. परांजपे हे गोखले यांचे फर्ग्युसनमधील सहकारी होते.

मिठावरील कराविरुद्ध गांधीजींनी १९३० मध्ये दांडीयात्रा काढली आणि १९४७ मध्ये हा कर रद्द झाला. २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटातील मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्राथमिक शिक्षणासाठी पैसा उभारावा म्हणून केंद्र सरकारने २००४ मध्ये केंद्रीय करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला. शिक्षणासाठी स्वतंत्र कर घेण्याची कल्पना गोखले यांच्या विधेयकातील शिक्षणपट्टीतही होती. अर्थशास्त्राच्या संशोधनासाठी १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.